झील धरणारीची जागा

दोननं गुणलं आणि विनिताचा हात कीबोर्डवरच राहिला. दोन कशाचे? समोर स्क्रीनवर नव्या डिस्कची रिकामी पट्टी होती, खाली एक चौकट होती, चौकटीत आकडा टाकायचा होता, आणि आकडा काढणं हे तर तिचं रोजचंच काम. दर रविवारी एक बैठक, बैठकीत रखमाआत्या गाईल तेवढा आवाज, त्या आवाजाला डिस्कवर लागेल तेवढी जागा, वर्षाचे रविवार, आणि मग गुणिले दोन. बोटांनी परस्पर केलं होतं हे. कुणी विचारलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. बोटांनी ठरवून टाकलं होतं की आत्या अजून दोन वर्षं गाईल. आणि आत्या काय जिवंतपणी गाणं सोडणाऱ्यातली नव्हे, तेव्हा सरळच बोलायचं तर, आत्या अजून दोन वर्षं जगेल. विनितानं मान वळवून अंगणात बघितलं. ऐंशी कधीच ओलांडलेली आत्या पदर खोचून तुळशीवृंदावनाला गेरू लावत होती आणि ऊस उभा करायच्या ऐवजी आडवा टाकून गेलं म्हणून कुणाच्या तरी नावानं खडे फोडत होती. संध्याकाळी तुळशीचं लग्न होतं. विनिताला स्वतःचा राग आला, पण आकडा तिनं खोडला नाही. कारण नसताना खोडाखोड करणाऱ्यांतली ती नव्हतीच.

ऑफिसात तर तिच्या आकड्याला कुणी बोट लावत नसे. मीरा रोडला स्टेशनजवळच्या एका इमारतीत, खाली फरसाणवाला आणि वर क्लास, त्यांच्या मधल्या मजल्यावर तिची कंपनी. दवाखान्यांची, पतपेढ्यांची, शाळांची मशीन सांभाळायची. नवीन मशीन आलं की डिस्कचे भाग पाडायचं काम विनिताच्या टेबलावर यायचं, कारण बाकीची पोरं ‘सगळी डिस्क एकच ठेवा’ या बटणावर क्लिक करून चहाला जायची आणि मग सहा महिन्यांनी तोंड पाडून यायची. भावेश तर रडायच्या बेतातच आला होता एकदा. ‘मॅडम, लॉगनी आख्खी डिस्क खाऊन टाकली, आता मशीन उठतच नाय.’ उठेल कसं? लिनक्स काय, युनिक्सच्या घराण्यातलं कुठलंही मशीन घ्या, त्यात सगळं एकाच झाडाला लागलेलं असतं. मुळाशी रूट, एका फांदीवर माणसांच्या फायली, दुसरीवर मशीनच्या स्वतःच्या नोंदी. बघणाऱ्याला एकच झाड दिसतं. पण कुठली फांदी डिस्कच्या कुठल्या तुकड्यावर उभी आहे, हे आधी कुणीतरी बसून ठरवावं लागतं. जे रोज खात सुटतं ते वेगळं, ज्याच्यावर घर उभं आहे ते वेगळं, दोघांच्या मध्ये भिंत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, पहिल्याच दिवशी सगळी डिस्क वाटून मोकळं व्हायचं नाही. ती आधी एका मोठ्या साठ्यात टाकायची आणि साठ्यातून लागेल तसा तुकडा कापून द्यायचा. तुकडा मागून वाढवता येतो, चालत्या मशीनवर, आतलं काही जागचं न हलवता. कमी करणं मात्र जिवावरचं काम, कधीकधी तर होतच नाही. म्हणून हात आखडता ठेवायचा आणि राखलेलं राखायचं. भावेशनं हे सगळं ऐकून विचारलं होतं, ‘पण मॅडम, साइज किती ते कसं कळतं?’ आणि विनिता म्हणाली होती, ‘महिन्याला किती वाढतंय बघ, किती वर्षं चालवायचंय विचार, गुण.’ किती वर्षं चालवायचंय विचार. हे बोलताना तिला तेव्हा काहीसुद्धा वाटलं नव्हतं.

ही अक्कल तिला कॉलेजनं दिली नव्हती. कॉलेजात सरांनी फळ्यावर लांब चौकोन काढून त्याचे उभे भाग पाडले तेव्हा बाकीचा वर्ग वह्या उघडून बसला आणि विनिताला वाटलं, एवढंच? तिचा बाप काळूराम मिठागरावर मुकादम होता. लहानपणी ती बांधांवरून अनवाणी चालली होती, दोन्ही बाजूंना पाणी, आणि प्रत्येक वाफ्याचं पाणी वेगळ्या रंगाचं. भरतीचं पाणी उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या दाराच्या, फळ्या उचलून आधी मोठ्या तळ्यात घ्यायचं. तिथं ते नुसतं तापत पडायचं. मग मधल्या वाफ्यांत, मग अगदी उथळ लहान वाफ्यांत, जिथं मीठ धरायचं. तळ्याचं पाणी एकदम लहान वाफ्यात सुटलं तर सगळ्या हंगामाचं वाटोळं. काळूराम बांधावर उकिडवा बसून बिडी ओढत सांगायचा, ‘दर्याला नको कशाला म्हनाचं? येऊ दे की त्याला. पन कुठवर ते आपुन सांगाचं.’ आणि सांगायचाही. फळी दोन बोटं उचलायची की चार, हे तो नुसता वारा नाकानं घेऊन सांगायचा आणि चुकायचा नाही. मिठागरं बंद पडली, बांध पावसात खचले, त्या बाजूला आता लांबून इमारतींच्या क्रेन दिसतात. पण तळव्यांना अजून तो ओला, तुरट, जरासा टोचणारा बांध आठवतो. नवी डिस्क समोर आली की विनिताच्या तळव्यांना मुंग्या येतात. हे तिनं आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, ऑफिसात तर मुळीच नाही.

‘झालं का गो विनिता?’ मागच्या दारानं केतनदादा आला, कानाला फोन तसाच. ‘अरे भाई, स्टेज का फूल सफेद नहीं, सफेद नहीं बोला ना तेरे को, लगन है, मयत नहीं है.’ फोन खिशात गेला. केतन म्हणजे रखमाआत्याचा मुलगा. घराच्या मागे भातशेती होती तिथं त्याचा लग्नाचा हॉल आहे, आणि हॉलवर सोळा कॅमेरे. हे मशीन त्यानंच आणलं होतं, मोठ्यातली मोठी डिस्क घालून, कॅमेऱ्यांसाठी. विनितानं त्याला पटवलं होतं की बसवून मी देते, पण त्यात आत्याची गाणीही राहतील. त्यालाही बरंच होतं. त्यानं खुर्ची ओढली, उलटी फिरवून बसला आणि स्क्रीनवर बोट टेकवलं. ‘ही निळी पट्टी माझी?’

‘तुझी. कॅमेरे कितीही भरले तरी ह्या भिंतीच्या पलीकडे जाणार नाहीत. भरली की जुनं पुसून नवं लिहील.’

‘आणि ही हिरवी, एवढीशी?’

‘आत्याची.’

‘आणि ही पांढरी? ही तर माझ्याएवढीच हाय की. रिकामी कशाला ठेवलीस?’

‘राखीव आहे.’

‘कोणासाठी?’

‘ज्याला लागेल त्याच्यासाठी.’

‘मग मलाच लागतेय ना!’ केतन हसला. हसला की तो थेट आत्यासारखा दिसतो, खालचा ओठ एका बाजूला जातो. ‘तुला माहीत हाय, हॉलवर काय काय होतं? कुणाचे दागिने जातात, कुणी जेवणावरून डोकी फोडतात, आणि तीन महिन्यांनी पोलीस येतात फुटेज मागायला. माझ्याकडे पंधरा दिवसांचंच असतं. ती पांढरी मला दे, प्रश्न मिटला. आईची गाणी ह्या हिरव्यात बसतायत ना? तूच हिशोब केलायस.’

‘बसतायत.’

‘मग?’

मग काय? विनिताकडे उत्तर होतं की, चांगली चार उत्तरं होती. राखीव जागा का ठेवतात यावर ती तासभर बोलू शकली असती, बोललीही होती पूर्वी, बुटात माती भरलेल्या गिऱ्हाइकांसमोर आणि टाय लावलेल्यांसमोरही. पण इथं तिचाच आकडा तिला आडवा आला होता. दोन खरे असतील तर हिरवी पट्टी पुरून उरते, आणि मग पांढरी राखून ठेवणं हा नुसता हट्ट. तशी ती केतनला देणंच शहाणपणाचं. आणि एकदा दिली की ती परत मिळायची नाही. कॅमेरे तिच्यात पाय पसरतील, चालत्या मशीनवरून ती कुणी कमी करणार नाही. म्हणजे आज, ह्या चौकटीत, तिला आत्याचं वय ठरवायचं होतं. कुणी डॉक्टर असं कागदावर लिहून देणार नाही, ज्योतिषीसुद्धा गोल गोल बोलतो, आणि विनितानं मात्र एंटर मारायचं. केतननं आवाज खाली आणला. ‘खरं सांग, आई आता कितीसं गाणार?’ अंगणाकडे न बघता विचारलं त्यानं. गेल्या पावसाळ्यात आत्या पडली तेव्हा तिला पाठीवर घेऊन गुडघाभर पाण्यातून रिक्षापर्यंत नेणारा हाच. म्हणजे ह्यानंही मनात गुणाकार केला होता तर, आणि ह्याचंही उत्तर दोनच्याच आसपास आलं असणार. विनिताला त्याची दया आली आणि त्याच क्षणी संतापही आला. ‘लग्न लागू दे,’ ती म्हणाली. ‘मग बघू.’ तिनं आकडा तसाच ठेवला, पांढरी पट्टी तशीच ठेवली, एंटर दाबला, आणि मशीन भाग पाडायला लागलं.

पट्ट्या एकामागून एक तयार होताना बघणं तिला फार आवडतं, आजही आवडलं. पण मन तिथं नव्हतं. मन शांताबाईच्या कुशीत जाऊन बसलं होतं. धवले म्हणजे आपल्या लग्नातली गाणी, आणि ती गाणारी धवलारीण ही त्या लग्नाची खरी भटजी, असं ह्या गावात, मुर्ध्यात, जुनी माणसं अजून म्हणतात. हळद तिच्या गाण्यावाचून चढत नसे, मांडवाची पहिली मेढ तिच्या गाण्यावाचून रोवत नसत. रखमाआत्या धवलारीण, आणि शांताबाई तिची झील धरणारी. आत्यानं ओळ सोडायची आणि शांताबाईनं तिचं शेपूट उचलून वर धरायचं, तेवढ्यात आत्यानं श्वास घ्यायचा आणि पुढची ओळ टाकायची. रात्ररात्र चालायचं. पोरगी विनिता आईजवळ झोपायची नाही, ती जाऊन शांताबाईला चिकटायची, कारण शांताबाई मऊ होती आणि तिच्या कमरेला भाजलेल्या चिंचोक्यांची पुरचुंडी असायची. आत्याचा आवाज लांबून यायचा, हवेतून, अर्धा कळायचा अर्धा नाही. शांताबाईचा मात्र अंगातून यायचा. कान तिच्या बरगड्यांवर, आणि आत गुरगुरत निघालेली झील कानात नाही तर गालाच्या हाडातच शिरायची. विनिताच्या स्वतःच्या लग्नात, मीरा रोडच्या एसी हॉलमध्ये, मॅनेजरनं धवल्यांना वेळ नाही म्हणून हात जोडले तेव्हा ह्या दोघी बायका खुशाल जिन्यात जाऊन बसल्या. जिना असा घुमला की खाली डीजेवाल्याला कुणीतरी ‘अरे बंद कर रे जरा’ म्हणालं. हातावर मेंदी, डोक्यावर मुंडावळ्या, अशी विनिता स्टेजवर उभी होती आणि तिला कुणाचाच आशीर्वाद ऐकू येत नव्हता, फक्त जिना ऐकू येत होता. इतकं बरं तिला त्या दिवशी दुसऱ्या कशानं वाटलं नव्हतं.

शांताबाई गेली आणि आत्यानं तोंड मिटलं. लग्नांना जायची, हळदीला बोट लावायची, गायची नाही. विनिता वर्षभर मागे लागली होती, रेकॉर्ड करून ठेवू या आत्या, नुसता आवाज, फोटो पण नको. ‘न्हाय जमत गो बाय. झील कोन धरील?’ आणि दिवाळीच्या आधी आपणहून फोन. ‘तुळशीच्या लग्नाला ये. तुझी ती आवाज भराची पेटी घेऊन ये.’ विनितानं पुढं काही विचारलं नाही, म्हातारीचं मन फिरायच्या आत मशीनच्या तयारीला लागली. आवाज एकाच वाटेनं घ्यायचा असं तिनं ठरवलं. परकं कुणी असतं तर डोळे मिटून दोन वाटा ठेवल्या असत्या, तशीच पद्धत आहे, डाव्या कानाची एक, उजव्या कानाची एक. पण विनिताला माहीत होतं की हे गाणं दोघींचं, आणि दोघींतली एक गेली, तेव्हा उरला आवाज एक. एका आवाजाला दुसरी वाट कशाला? जागा निम्मी लागते. हिशोब कसा चोख, बोट दाखवायला जागा नाही. तिनं मायक्रोफोनसुद्धा एकच आणला होता.

ऊन उतरलं. वृंदावनाभोवती उसाचे वाढे बांधून झाले, तुळशीला हिरवं खणाचं कापड नेसवलं, चिंचा-आवळे ठेवले, गल्लीतल्या बायका येऊन कडेनं उभ्या राहिल्या. त्यातल्या दोघी-तिघी एकमेकींशी हिंदीत बोलत होत्या, समोरच्या नव्या इमारतीतल्या. आत्यानं आतून दोन पाट आणले, कुणाला हात लावू दिला नाही. एक तुळशीच्या उजव्या अंगाला, दुसरा त्याला लागून. दुसऱ्या पाटावर तिनं मूठभर तांदूळ ठेवले, हळदीकुंकू वाहिलं आणि पहिल्या पाटावर जाऊन बसली. केतननं विनिताकडे बघितलं आणि मान खाली घातली. शांताबाईचा पाट. माणूस गेलं तरी त्याची जागा मांडायची, ही आत्याचीच रीत. विनितानं मायक्रोफोनचा स्टँड आणला तेव्हा वायर त्या पाटावरून न्यावी लागली असती. तिनं ती लांबून, वृंदावनाच्या मागून फिरवून आणली. आत्याच्या तोंडासमोर मायक्रोफोन, रिकाम्या पाटाकडे त्याची पाठ. ओटीवर जाऊन तिनं हेडफोन चढवला आणि रेकॉर्डिंग चालू केलं. आवाजाची रेघ स्क्रीनवर आडवी पडून होती.

‘पयलं आवतान दर्याच्या पान्याला.’

रेघ उसळली. अगो बाई, काय आवाज! इतकी वर्षं मिटून ठेवलेला, कडेनं जरा खरखरीत, पण मधोमध तसाच, भक्कम. विनिताच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिचं बोट मात्र सवयीनं पातळी खाली-वर करत राहिलं. ओळ संपली. रेघ खाली बसली. आणि बसूनच राहिली. आत्या समोर बघत होती, तुळशीकडे, तोंड किंचित उघडं. हेडफोनात उसाची पानं घासल्याचा आवाज आला, मागच्या हॉलच्या जनरेटरचा आवाज आला, कुणाच्यातरी बांगड्यांचा आला. आत्यानं पुन्हा तीच ओळ घेतली. पुन्हा थांबली. बायकांत कुजबुज झाली. ‘पुढं घे ना आई,’ केतन हळूच म्हणाला, ‘थांबलीस कशाला? विनिता नंतर जोडेल सगळं.’ आत्यानं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिसऱ्यांदा ओळ आली, आता जराशी हळू, जराशी दमलेली, आणि विनिताला कळलं की चौथ्यांदा ती यायची नाही. पेटी मिटेल, पाट उचलले जातील, आणि हिरव्या पट्टीत एवढी एकच ओळ राहील, तीनदा गायलेली. एवढ्या ओळीसाठी पांढरी राखायची? दोन वर्षं पण कुठली घेऊन बसलीस? स्क्रीनवरची रेघ आडवी होती. त्या आडव्या रेघेकडे बघताना विनिताच्या गालाचं हाड थरथरलं. खरंच थरथरलं, दाढ दुखावी तसं, आणि शांताबाईच्या बरगड्यांचा, चिंचोक्यांचा, घामानं भिजलेल्या लुगड्याचा वास नाकात आला, आणि तोंड आपोआप उघडलं.

‘ये रं पान्या, बांधाबांधानी ये.’

आवाज फाटका निघाला. सूर कुठं, ती कुठं. पण एकदा कमांड दिली की विनिता मागं बघत नाही, इथंही तिनं बघितलं नाही. आत्याची मान वळली नाही. तिनं फक्त श्वास घेतला, भरपूर, जो घ्यायला मिळावा म्हणूनच ती थांबली होती. ‘दुसरं आवतान खारीच्या वाऱ्याला.’ विनितानं हेडफोन काढून टेबलावर टाकला. ‘ये रं वाऱ्या, दार न लोटता ये.’ ओटीच्या पायऱ्या उतरताना तिसरी ओळ आली. ती रिकाम्या पाटापाशी थबकली, तांदूळ दिसले, कुंकू दिसलं, बसावं कसं? पण ओळ संपत आली होती आणि शेपूट खाली पडू द्यायचं नव्हतं. तांदूळ तिनं ओंजळीत घेतले आणि बसली. मग किती गायल्या त्या दोघी, कुणाला ठाऊक. विनिताला एकही ओळ आधी आठवत नव्हती. आत्यानं डोकं टाकलं की शेपूट हातात यायचं, अंधारात उंबरा पायाला सापडतो तसं, आणि सापडलं की पुढचं सापडणार ह्याची मनात शंका उरत नव्हती. केतनची बायको मंगलाष्टकांच्या अक्षता घेऊन ताटकळत उभी होती. केतन खांबाला टेकून उभा होता, त्याचा फोन खिशात थरथरत होता आणि तो उचलत नव्हता.

लग्न लागलं. अक्षता पडल्या, फटाके झाले, बायकांनी ऊस मोडून वाटून घेतले. विनिता अजून पाटावरच होती, ओंजळ तशीच. आता कुठं तिला भीती वाटली. ‘आत्या, शांताबाईच्या पाटावर बसले गो मी. रागावू नको हां.’

‘कोन्च्या शांताच्या?’ आत्यानं ऊस दाढेखाली घेतला. ‘शांता मेली ना. ती कशाला येतेय पाटावर बसाला? तुझा पाट हाय त्यो. तुझ्यासाठी मांडला. आन् तू तिन्हीसांजेपास्नं त्याला वळसं घालून वायरी वढतेस. मी म्हनलं, ही बसते तरी कवा?’

कडेच्या बायका खो खो हसल्या. विनिताही हसली, मग तिला रडू आलं, मग दोन्ही. ‘पण मला नुसती शेपटंच येतात, आत्या. डोकी एक पण येत नाही.’

‘मना ठाव नाय? शांताच्या बगलंत निजाचीस ती. डोकी शिकवीन ना मी. ऐतवारचे ऐतवार ये. मना सगली बसाला धा वरसं लागली, तवा मी न्हानी व्हती.’ तिनं विनिताला वरपासून खालपर्यंत बघितलं, भात किती लागेल ते माणसं बघून ठरवावं तसं. ‘तुझा आवाज फाटका हाय. आन् इंग्लिस साळंतली तू. तुना पंधरा लागतील.’

आत्या ऊस चघळत होती. तिनं चोथा थुंकला, दुसरं कांडं उचललं, बोटानं चाचपून बघितलं आणि नीट सोलून द्या रे म्हणून कुणालातरी ओरडली. विनितानं केतनकडे पाहिलं. केतन अंगणात नुसताच उभा होता आणि त्याचा खालचा ओठ एका बाजूला गेला होता. ‘ठेव ती पांढरी,’ तो म्हणाला. ‘माझ्या कॅमेऱ्यांचं बघतो मी काहीतरी.’

विनिता उठली, तांदूळ पदराच्या टोकाला बांधले आणि ओटीवर गेली. रेकॉर्डिंग थांबवायचं ती विसरलीच होती. रेघ अजून उसळत होती, बायकांचं हसणं, ऊस मोडल्याचे आवाज, आत्याचे पंधरा, सगळं आत चाललं होतं. थांबवायची गरजही नव्हती, चालत्या मशीनवरच वाढवायचं होतं. तिनं हिशोब उघडला. एका वाटेच्या दोन केल्या. पुढच्या रविवारी दुसरा मायक्रोफोन आणायचा होता, तो दुसऱ्या पाटासमोर. मग दोन खोडले, पंधरा लिहिले, गुणलं, आणि आलेला आकडा पांढऱ्या पट्टीतून काढून हिरवीला दिला. कमांड संपूर्ण टाइप करून तिनं एकदा वाचली. पुन्हा वाचायची गरज वाटली नाही. एंटर दाबला. मशीननं हूं की चूं केलं नाही, खालची जमीन वाढली आणि वरचा आवाज होता तसाच उतरत राहिला.

‘मावतंय काय गो?’ अंगणातून आत्यानं विचारलं.

‘मावतंय, आत्या.’

‘मग ये की इकडं. पयलं डोकं आत्ताच घे.’

विनिता खाली गेली आणि आपल्या पाटावर बसली.